मंजुरीपत्रापासून छतापर्यंत : एकट्या मावशींचे घरकुल

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) या योजनेत शासन कोणालाही तयार घर बांधून देत नाही. ठेकेदार नेमण्यास तिच्यात मनाई आहे. घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते आणि अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने, त्या त्या टप्प्याचे काम झाल्याचे छायाचित्र संगणकावर नोंदवल्यानंतर, थेट बँक खात्यात जमा होते. घरात धडधाकट, कमावती माणसे असलेल्या कुटुंबासाठी ही पद्धत चांगलीच आहे, कारण त्यामुळे पैसा मधल्या हातांत अडकत नाही. लाभार्थी मात्र सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी आणि अंगमेहनत न झेपणारी स्त्री असेल, तर याच पद्धतीत तिची वाट अडते. आमच्या शेजारच्या मावशींचे घरकुल २०२५ च्या फेब्रुवारीत मंजूर झाले आणि ते पूर्ण होईपर्यंत मी त्यांच्यासोबत होते. त्या अनुभवातून माझे मत असे झाले आहे की निराधार माणसाच्या बाबतीत अनुदान किती आहे याच्याइतकेच महत्त्व दोन प्रश्नांना असते : हप्ता येण्याआधी लागणारा पैसा कोण उभा करणार, आणि कागद घेऊन कार्यालयांत कोण जाणार.

मराठवाड्यातील आमच्या गावात जुनी घरे माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची आहेत. मावशींचे घर तसेच, दोन खणांचे, मातीच्या भिंतींचे. दरवर्षी उन्हाळ्यात माळवदावर नवी माती टाकून ती चोपावी लागते; ते काम करणारे हात घरात उरले नाहीत की पाणी आत मुरू लागते. मावशींचे पती वारल्यानंतर हळूहळू तेच होत गेले आणि २०२४ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीत मागची भिंत खचली. तलाठ्यांनी रीतसर पंचनामा केला. नैसर्गिक आपत्तीच्या निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात, परंतु अंशतः पडझड झालेल्या कच्च्या घराला ४ हजार. एक भिंत खचली आणि तीन उभ्या राहिल्या, म्हणून मावशींचे घर ‘अंशतः’ या रकान्यात गेले. उरलेल्या तीन भिंतींच्या आधाराने त्यात राहणे सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न त्या पंचनाम्यात विचारलेलाच नसतो, आणि तो असायला हवा असे मला तेव्हाही वाटले व आजही वाटते.

मावशींचे नाव घरकुलाच्या यादीत आधीपासून होते, पण ते तेथे पोहोचण्यासही बराच काळ गेला होता. इंदिरा आवास योजनेची जागा १ एप्रिल २०१६ पासून या योजनेने घेतली, तेव्हा लाभार्थी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणावरून निवडण्यात आले. त्या सर्वेक्षणात मावशींची गणना पुतण्याच्या कुटुंबात झाली होती. पुतण्या पुढे पुण्याला गेला, मावशी मागे राहिल्या, आणि कागदावर त्यांचे स्वतंत्र कुटुंबच नव्हते. जानेवारी २०१८ ते मार्च २०१९ या काळात सुटलेल्या कुटुंबांसाठी ‘आवास प्लस’ हे सर्वेक्षण झाले. त्याआधी मावशींची शिधापत्रिका विभक्त झालेली होती, म्हणून त्या वेळी त्यांची नोंद स्वतंत्रपणे घेता आली. १६ ते ५९ या वयोगटातील एकही सदस्य घरात नसणे ही बाब या योजनेत प्राधान्य ठरवताना धरली जाते. तरीही उद्दिष्ट, म्हणजे किती घरे मंजूर करायची याचा आकडा, आल्याशिवाय यादी पुढे सरकत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी २ कोटी घरांना मान्यता दिली, महाराष्ट्राच्या वाट्याला मोठे उद्दिष्ट आले, आणि २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यातील कार्यक्रमातून राज्यातील सुमारे २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रे देण्यात आली. त्यांतले एक मावशींचे होते. ते हातात घेऊन त्या म्हणाल्या, “मला कशाला आता घर, पोरी. दोन पावसाळे निघाले म्हंजे झालं.” त्यांना घर नको होते असे नाही; त्यासाठी कोणाकोणाचे उपकार घ्यावे लागतील याचा हिशेब त्यांनी माझ्याआधी केला होता.

पहिली अडचण जागेची आली. जागा गावठाणातली, घर कैक वर्षांचे, वाद कोणाचाच नाही. पण ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ मध्ये, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, ते अजून मावशींच्या पतीच्या नावावर होते. वारस नोंद करायची तर मृत्यूचा दाखला हवा, आणि तो नव्हता, कारण पती घरीच वारले होते व त्या वेळी नोंद करावी हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. मावशींना श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये मिळतात, पण ती योजना वय आणि उत्पन्न पाहते, वैधव्य नव्हे; त्यामुळे इतकी वर्षे या दाखल्याची गरजच पडली नव्हती. विधवा स्त्रियांच्या बाबतीत हा प्रकार मी नंतर पुष्कळ ठिकाणी पाहिला. नवऱ्याच्या पश्चात जगण्याची धडपड इतकी मोठी असते की तो गेल्याचा कागद काढायला सवड मिळत नाही.

मृत्यूला एक वर्ष उलटून गेले असेल तर नोंद ग्रामपंचायत स्तरावर परस्पर होत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा असून त्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार अशा विलंबित नोंदीसाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आमच्या प्रकरणात भर अशी पडली की जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने विलंबित नोंदींची प्रक्रिया काही काळ स्थगित केली होती आणि मार्चमध्ये नवी, अधिक कडक कार्यपद्धती आली. ज्या गैरप्रकारांच्या तक्रारींमुळे ही स्थगिती आली त्यांच्याशी मावशींचा दुरूनही संबंध नव्हता, परंतु त्यांचा अर्जही त्याच रांगेत थांबला. ग्रामसेवकांकडून नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र, पोलीस पाटलांचा दाखला, शपथपत्र, अंत्यविधीला हजर असलेल्या दोन वृद्ध गृहस्थांचे जबाब, हे सगळे आम्ही स्थगितीच्या काळातच तयार ठेवले, म्हणून प्रक्रिया पुन्हा सुरू होताच प्रकरण दाखल करता आले. आदेश मिळाला, दाखला निघाला, आणि ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ठराव होऊन नमुना नंबर ८ वर मावशींचे नाव लागले. पुतण्याने संमतीपत्र विनातक्रार पाठवले. ज्या घरांत भाऊबंदकी आहे तेथे हा एकच कागद वर्षानुवर्षे अडून राहतो, हे मी जाणून आहे.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की मंजुरीपत्र मिळाल्यावर लोक विटा आणि सिमेंट यांचा विचार करू लागतात, आणि नेमके त्याच वेळी जागेचे कागद पाहून घेतले पाहिजेत. ज्यांच्याकडे स्वतःची जागाच नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आहे. पूर्वी तिच्यातून ५० हजार रुपयांपर्यंत मिळत असत, आता ती मर्यादा १ लाखापर्यंत वाढवण्यात आली आहे. आमच्या गावातील एका भूमिहीन कुटुंबाने तिचा लाभ घेतला आहे, मावशींना त्याची गरज पडली नाही.

बँकेची अडचण लहान होती, पण मावशींना तिने सर्वांत जास्त घाबरवले. गावातील बहुतेकांचा १५ हजारांचा पहिला हप्ता जमा झाला आणि मावशींच्या पासबुकात काहीच दिसेना. गावात लगेच चर्चा सुरू झाली की नाव कटले असेल. पंचायत समितीत संगणकावर पाहिले तर रक्कम जमा झाल्याचे दिसत होते. शोध घेतल्यावर कळले की काही वर्षांपूर्वी गावात आलेल्या बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या प्रतिनिधीकडे, मावशींनी अंगठा देऊन जनधन खाते उघडले होते, आधार त्याच खात्याशी शेवटचे जोडलेले होते, आणि पैसे तेथे गेले होते. पैसे सुरक्षित होते, मात्र ते काढण्यासाठी अंगठा उमटेना. आयुष्यभर शेतात राबलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र त्यांना ओळखत नाही. बँकेच्या शाखेत प्रत्यक्ष जाऊन, ओळख पटवून, मावशींचे नेहमीचे खाते आधारशी पुन्हा जोडून घेतले. वृद्ध लाभार्थ्यांच्या बाबतीत आधार कोणत्या खात्याशी जोडलेले आहे हे हप्ता येण्यापूर्वीच पाहून ठेवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ते एका भेटीत कळते, आणि पुढची धास्ती वाचते.

खरी कसोटी त्यानंतर होती. योजनेचे मूळ अर्थसाहाय्य सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आहे. त्यांतले १५ हजार पहिल्या हप्त्यात मिळतात आणि त्यानंतर पाया खणून जोते पूर्ण झाल्याशिवाय दुसरा हप्ता निघत नाही. आमच्या गावठाणातली माती पांढरी आहे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडझडीचा तो भराव. मुरूम लागेपर्यंत खोल जावे लागते. गवंड्याने जोत्यापर्यंतचा जो अंदाज सांगितला तो पहिल्या हप्त्याच्या तिपटीहून अधिक होता. गावातल्या इतर लाभार्थ्यांनी ही तफावत वेगवेगळ्या मार्गांनी भरून काढली : कोणी ऊसतोडीची उचल घेतली, कोणी शेळ्या विकल्या, कोणाच्या घरातले चार जण स्वतः खणायला उतरले. मावशींकडे यांतले काहीच नव्हते. योजनेत लाभार्थ्याला बँकेकडून ७० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळवून देण्याची तरतूद आहे, पण श्रावणबाळच्या पैशांवर जगणाऱ्या वृद्धेला कर्ज देण्यास बँक तयार झाली नाही, आणि त्यात मी बँकेला दोष देत नाही. परतफेड कशातून होणार हा प्रश्न रास्त होता. दोष मला दिसतो तो असा की ज्याच्याकडे आधीपासून थोडेफार आहे त्यालाच पहिला हप्ता पुरतो, आणि ज्याच्याकडे काहीच नाही म्हणून यादीत प्राधान्य मिळाले, त्याचे काम त्याच हप्त्यावर थांबते.

मी शाळेत शिकवते आणि सरकारी परिपत्रके वाचण्याची मला सवय आहे. योजनेच्या मार्गदर्शक सूचना मी बारकाईने वाचल्या, तेव्हा त्यांत दोन गोष्टी सापडल्या. वृद्ध, अशक्त किंवा दिव्यांग लाभार्थी स्वतः घर बांधून घेण्याच्या स्थितीत नसेल, तर त्याचे घर गवंडी प्रशिक्षण कार्यक्रमात घेता येते. म्हणजे प्रशिक्षण घेणारे गवंडी त्याच्याच घराचे बांधकाम करतात. आणि मंजूर झालेल्या प्रत्येक घराशी गावपातळीवरचा एक कर्मचारी व एक गवंडी जोडून द्यायचा असतो, म्हणजे काम कुठे अडले हे पाहणारा माणूस ठरलेला असतो. या योजनेची आखणी करणाऱ्यांनी मावशींसारख्या स्त्रीचा विचार केलेला आहे, हे वाचून मला मनापासून बरे वाटले. परंतु ही तरतूद आपोआप लागू होत नाही. कोणी तरी ती लेखी मागावी लागते, आणि जिला तिची गरज आहे तिला ती वाचता येत नाही.

आम्ही गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज केला. अर्जात मावशींचे वय, एकटेपणा, श्रावणबाळचा आदेश आणि आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा दाखला जोडला, मार्गदर्शक सूचनांतील तरतुदीचा उल्लेख केला आणि नेमके काय हवे ते तीन वाक्यांत मागितले. आवक क्रमांक घेतला. या क्रमांकाचे मोल मला पुढे कळले, कारण टेबलावरील कर्मचारी बदलला तरी क्रमांक सांगताच कागद सापडत असे. गवंडी प्रशिक्षणाची तुकडी त्या काळात आमच्या परिसरात नव्हती, त्यामुळे तो लाभ मिळाला नाही. दुसरी मागणी मात्र मान्य झाली. ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्यांनी आमच्या ग्राम रोजगार सेवकाचे (गावातील रोजगार हमीची कामे पाहणाऱ्या कर्मचाऱ्याचे) नाव मावशींच्या घराशी लेखी जोडले आणि पूर्वी प्रशिक्षण घेतलेल्या एका गवंड्याला ते काम सोपवले. त्या गवंड्याने जोत्याची मजुरी दुसरा हप्ता आल्यावर घेण्याचे कबूल केले. ज्या दिवशी रोजगार सेवक स्वतःहून मावशींकडे आला आणि “आजी, आता कागदासाठी तुम्ही येऊ नका, मी येतो” असे म्हणाला, त्या दिवसापासून माझ्यावरचाही निम्मा भार उतरला.

सामानाच्या पैशांचा प्रश्न तरीही उरला होता. मावशी आमच्या बचत गटाच्या जुन्या सदस्य. गटाच्या बैठकीत त्यांच्या कर्जाचा विषय निघाला तेव्हा काही जणींनी परतफेडीची शंका काढली, आणि ती काढण्याचा त्यांना अधिकार होता, कारण गटातला पैसा त्यांच्याही कष्टाचा आहे. शेवटी दुसरा हप्ता जमा होताच सर्वांत आधी गटाची रक्कम फेडायची, असे मावशींनी सर्वांसमोर कबूल केले आणि ठराव लिहिला गेला. बाकीचे पैसे जुन्या घरातून आले. माळवद उतरवल्यावर निघालेल्या तुळया अजून भक्कम होत्या. त्या विकून सिमेंटची पहिली खेप आली. एक तुळई मावशींनी विकू दिली नाही, तिचा पुढे दाराच्या चौकटीसाठी उपयोग झाला.

जुने घर उतरवल्यावर नवे घर होईपर्यंत राहायचे कुठे, हा प्रश्न योजनेत कोठेच येत नाही. गावठाणात जागा अपुरी असते, जुन्याच्या जागीच नवे उठवावे लागते, आणि बांधकामासाठी १२ महिन्यांची मुदत गृहीत धरलेली असते. म्हणजे तेवढा काळ लाभार्थी दुसऱ्या कोणाच्या तरी छपराखाली राहणार हेही गृहीत धरलेले असते. तरुण कुटुंब शेतात झोपडी टाकते. एकट्या वृद्ध स्त्रीला रात्री-अपरात्री उठावे लागते, औषधे जवळ लागतात, शौचालय जवळ लागते. मावशी आमच्याकडे राहिल्या, ओसरीशेजारच्या खोलीत. आमच्यासाठी ते अवघड नव्हते, पण त्यांच्यासाठी होते. त्या स्वतःचे जेवण स्वतः करण्याचा हट्ट धरीत, महिन्याचे पैसे आले की माझ्या हातात काही तरी ठेवू पाहत, आणि पाहुणे आले की संकोचाने मंदिरात जाऊन बसत. आयुष्यभर स्वतःच्या उंबऱ्याच्या आत राहिलेल्या माणसाला हे किती जड जाते ते मी रोज पाहत होते. त्यात २०२५ चा मे महिना अवकाळी पावसात गेला, पाया पाण्याने भरला, आणि पुढे सप्टेंबरात मराठवाड्यात आलेल्या पुराने वाळू व विटांची वाहतूकच बंद पडली. शाळेची किंवा समाजमंदिराची एखादी खोली अशा लाभार्थ्यांसाठी बांधकामाच्या काळापुरती ग्रामपंचायतीने राखून ठेवणे अशक्य नाही. अतिवृष्टीत स्थलांतरितांसाठी हीच खोली एका रात्रीत उघडली जाते. घरकुलासाठीही ती उघडावी.

मजुरीबाबत योजनेत रोजगार हमीची जोड आहे. लाभार्थ्याला स्वतःच्या घराच्या कामावर ९० दिवसांची अकुशल मजुरी मिळते. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ती २८,०८० रुपये होते. जाहिरातींत ही रक्कम घरकुलाच्या एकूण रकमेत धरून सांगितली जाते. मावशींच्या बाबतीत ती त्यांच्या हातात येणे शक्यच नव्हते, कारण घमेली उचलण्याचे काम त्या करू शकत नव्हत्या. रोजगार सेवकाने आमच्या गल्लीतील जॉब कार्ड असलेल्या मजुरांची मावशींच्या कामावर रीतसर मागणी नोंदवली, त्यांनी प्रत्यक्ष काम केले, आणि मजुरी त्यांच्या खात्यांत गेली. यात मावशींना रोख पैसे मिळाले नाहीत, पण खोदाई आणि भराव यांचा खर्च वाचला. काही ठिकाणी हजेरी एकाची आणि काम दुसऱ्याचे असा प्रकार होतो. आमच्याकडे तसे होऊ न देण्याबद्दल रोजगार सेवक ठाम राहिला, याची मी कृतज्ञतेने नोंद करते.

वाळूचे धोरण त्याच वर्षी बदलले होते. घरकुल लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. तहसील कार्यालयाकडून परवाना मिळाला, पण वाहतुकीचा खर्च ज्याचा त्याने करायचा असल्यामुळे एकट्या मावशींसाठी ट्रॅक्टर आणणे परवडेना. आमच्या बाजूच्या चार लाभार्थ्यांनी मिळून फेऱ्या ठरवल्या, भाडे वाटून घेतले, आणि मावशींची वाळू सर्वांत शेवटी पण सर्वांत कमी खर्चात आली.

घराचा आराखडा ठरवताना मी एका गोष्टीवर अडून बसले, आणि ती म्हणजे घर लहान ठेवणे. योजनेत किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, क्षेत्र लागते. बहुतेक जण या संधीत दोन खोल्या अधिक काढतात, जोते मोठे होते, पैसे भिंतीतच संपतात, आणि छताविना उभी राहिलेली घरे प्रत्येक गावात दिसतात. मावशींना एक खोली, स्वयंपाकाची जागा आणि आतूनच जाता येईल असे शौचालय पुरेसे होते. शौचालयासाठी स्वच्छ भारत अभियानातून १२ हजार रुपये मिळतात. ते घराबाहेर, परसात बांधण्याची रीत आहे, आणि गवंड्यालाही तेच सोपे वाटत होते. पण पावसाळी रात्री चिखलातून परसात जाणे हेच वृद्ध माणसांच्या पडण्याचे मोठे कारण असते. अभियंत्यांनी आमचे म्हणणे ऐकून घेतले, उंबरा बसता ठेवला, पायऱ्यांच्या बाजूने धरायला लोखंडी नळी बसवली, आणि शौचालयाचे दार आतल्या बाजूला घेतले. या बदलांना फारसा खर्च आला नाही.

जोते पूर्ण झाल्याचे छायाचित्र नोंदवले गेले, दुसरा हप्ता आला, आणि मावशींनी त्याच आठवड्यात गटाचे पैसे परत केले. त्यानंतरचे काम तुलनेने सरळ होते. पावसामुळे भिंती रेंगाळल्या, छज्ज्याच्या उंचीपर्यंत बांधकाम गेल्यावर तिसरा हप्ता आला, दिवाळीनंतर स्लॅब पडला आणि जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण घरासमोर मावशींना उभे करून शेवटचे छायाचित्र घेण्यात आले. प्रत्येक छायाचित्रासाठी लाभार्थी स्वतः जागेवर लागतो. मावशी दर वेळी धुतलेले लुगडे नेसून येत आणि अभियंता फोन पाहत असताना बांधकामाला हात लावून उभ्या राहत.

राज्य शासनाने २०२५ मध्ये प्रत्येक घरकुलामागे ५० हजार रुपयांची वाढ जाहीर केली, त्यांतले ३५ हजार बांधकामासाठी आणि १५ हजार छतावरील सौर यंत्रणेसाठी आहेत. मावशींना ही वाढ हे लिहीपर्यंत मिळालेली नाही. लोखंडाच्या दुकानाची उधारी आणि आतल्या गिलाव्याचे काम त्या रकमेवर थांबले आहे. मावशी नव्या घरात राहायला गेल्या आहेत, भिंती आतून अजून विटांच्याच आहेत. त्या रकमेची चौकशी आता रोजगार सेवक करतो.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी एक ठराव मांडला. गावातील घरकुल यादीत एकटे राहणारे वृद्ध, दिव्यांग आणि निराधार लाभार्थी किती आहेत याची वेगळी नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी, मंजुरी येण्याची वाट न पाहता त्यांची वारस नोंद, आधार जोडणी आणि जॉब कार्ड आधीच तपासावे, जोत्यापर्यंतच्या सामानासाठी ग्रामसंघाने, म्हणजे गावातील बचत गटांच्या संघाने, त्यांना बिनव्याजी आगाऊ रक्कम द्यावी व ती दुसऱ्या हप्त्यातून परत घ्यावी, आणि बांधकामाच्या काळात समाजमंदिराची मागची खोली त्यांच्यासाठी ठेवावी, असे त्यात म्हटले होते. खोलीच्या मुद्द्यावर बरीच चर्चा झाली, कारण तेथे लग्नकार्याची भांडी ठेवलेली असतात; ती दुसरीकडे हलवण्याचे ठरले. ठराव एकमताने संमत झाला. नोंदीत आज तीन नावे आहेत. त्यांतले एक गृहस्थ दोन्ही पायांनी अधू आहेत. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो, त्यातून त्यांच्या जोत्याला मदत करता येईल असे ग्रामसेवकांनी सभेतच सांगितले. दुसऱ्या दोघी विधवा आहेत. त्यांच्यापैकी एकीच्या पतीच्या मृत्यूची नोंद झालेली नाही, म्हणून तिचा अर्ज आम्ही गेल्या आठवड्यात दाखल केला. साक्षीदारांचे जबाब नोंदवण्यासाठी मावशीही सोबत आल्या होत्या.